साळवीकाकांची पांढरी कार्डं

मेधा, ईशा, आणि आज वेळ काढून आलेली सगळी मंडळी,

मी सुनंदा कर्णिक. साळवीकाकांच्याच रस्त्यावर, चार घरं पुढे राहते. नात्याने त्यांची कोणी नाही. तरी त्यांच्या लेकीने, मेधाने, मला बोलायला सांगितलं आणि मी हो म्हटलं. हो म्हणताना कल्पना नव्हती की हे इतकं जड जाईल.

शाळेत सिस्टर शिकवायच्या, उभं राहिलात की पाय जुळवा, शेवटच्या रांगेकडे बघा आणि सावकाश बोला. मी पाय जुळवलेत. शेवटच्या रांगेकडे बघते आहे. पण सावकाश बोलणं मला जमेलसं वाटत नाही. ते नुसतं दुःखाने नाही. मला भीती वाटते आहे.

कशाची, ते सांगायलाच मी उभी आहे. या टेबलावर काकांचा फोटो आहे, हार आहे, आणि शेजारी ते बुटांचं खोकं आहे. त्या खोक्यात काकांची आठ-नऊ वर्षांची मेहनत आहे. उद्या, सोमवारी, शहरातल्या एका लायब्ररीच्या बाई येऊन ते खोकं घेऊन जाणार आहेत. तिथे ते जपून ठेवतील. लोक बघतील. कोणी त्यावरून पुढे लिहीलसुद्धा. आणि मंडळी, त्या खोक्यात काही खोटं आहे. ते काकांनी ठेवलेलं नाही. मी ठेवलं आहे.

मेधा, तुला हे आत्ताच कळतंय. चार दिवस मी तुझ्या दारापर्यंत येत होते आणि परत जात होते. एकदा तूच दार उघडलंस, आणि मी म्हटलं, कोथिंबीर आहे का? आठवतं? मला कोथिंबीर नको होती.

आता सगळं नीट, क्रमाने सांगते. मी दुसरंच काही बोलायला लागले, तर ईशा, तू मला तिथून खूण कर.

तुमच्यातल्या बहुतेकांना काका माहीत आहेत ते हातशिलाईने पँट आखूड करून देणारे काका म्हणून. इथे परदेशात, आपल्या कॅसल हिलला, कोणाचा मुलगा नोकरीला लागला, कोणी नवीन सूट घेतला, की तो आधी काकांकडे. किती जणांच्या पँटी त्यांनी आखूड करून दिल्या, हात वर करा म्हटलं तर अर्धा हॉल हात वर करेल. पैसे विचारले की म्हणायचे, "माणूस आखूड आहे, कापड लांब आहे, यात माझी काय मेहनत?"

पण पुण्यात त्यांचं दुकान साध्या कपड्यांचं नव्हतं. कॅम्पात, त्यांच्या वडिलांचं दुकान, आणि तिथे शिवले जायचे जॉकींचे कोट. रेसच्या घोड्यावर जो स्वार बसतो, त्याच्या अंगातला कोट आणि डोक्यावरची टोपी घोड्याच्या मालकाच्या रंगांची असते. ते रंग ठरलेले, नोंदलेले. एकाचे दुसऱ्याला वापरता येत नाहीत. लांबून घोडा कोणाचा ते त्या रंगांवरून ओळखायचं. काका त्याला कलर्स म्हणायचे. लहानपणापासून त्यांनी तेच शिवलं. गुलाबी कोट, काळ्या बाह्या. पिवळा कोट, लाल पट्टा. रेसवर त्यांनी जन्मात एक रुपया लावला नाही. म्हणायचे, "आम्ही धावण्याच्या आधीचे लोक. घोडा सुटला की आमचं काम संपलं."

मी शिकले कॅम्पातल्याच कॉन्व्हेंटमध्ये. हे त्यांना कळलं आमच्या पहिल्याच भेटीत, सहा वर्षांपूर्वी, इथल्या बसस्टॉपवर. त्यांनी लगेच विचारलं, "स्पोर्ट्स डेला कमरेला कोणता पट्टा बांधायचात?"

मी म्हटलं, निळा.

"मग तो मी शिवलाय. तुमच्या शाळेचे सगळे पट्टे आमच्याकडून जायचे. निळ्याला कडेला दुहेरी शिवण होती, बरोबर?"

बरोबर होतं. पन्नास वर्षांनी, पुण्यापासून इतक्या लांब, एका अनोळखी माणसाला माझ्या कमरेच्या पट्ट्याची शिवण माहीत होती. मी तिथेच बसस्टॉपवर रडले. त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि म्हणाले, "हाही मीच शिवलाय."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी कायमची "कॉन्व्हेंट". काय हो कॉन्व्हेंट. या कॉन्व्हेंट. कॉन्व्हेंट, साखर कमी.

आता त्या खोक्याबद्दल.

काका इथे आले ते काकू गेल्यानंतर. हाताला फारसं काम नाही, मशीन पुण्यातच राहिलेलं. मेधा दिवसभर ऑफिसला, नात ईशा तेव्हा शाळेत. त्यांनी ठरवलं, आपण एक इतिहास लिहायचा. पण लिहायचा म्हणजे शब्दांत नाही. शिंप्याला जसा लिहिता येईल तसा. त्यांनी घेतली एकच शर्यत, इंग्लंडमधली, नाव ओक्स. आणि त्या शर्यतीच्या प्रत्येक वर्षासाठी एक कार्ड करायचं ठरवलं. कार्डावर एक कोट, एक टोपी. त्या वर्षी जिंकलेल्या घोडीच्या मालकाचे रंग. खाली वर्ष, घोडीचं नाव, आणि मराठीत दोन ओळी. बस. अडीचशेच्या जवळपास कार्डं आहेत ती.

ओक्सच का, डर्बी का नाही, असं मी विचारलं होतं. डर्बी सगळ्यांनी ऐकलेली असते. काका म्हणाले, "डर्बी धाकटी आहे. ओक्स एका वर्षाने थोरली. आणि ओक्स फक्त घोड्यांच्या मुलींची."

मग त्यांनी मला सांगितलं ते तसंच सांगते. इंग्लंडमध्ये एपसम नावाचं गाव आहे, त्याच्या वर गवताचं उघडं टेकाड. तिथे जवळच एका लॉर्डाचं घर होतं. ओकच्या झाडांवरून त्या घराचं नाव ओक्स. तिथे यारदोस्त जमायचे, खाणंपिणं व्हायचं, आणि त्या गप्पांत ठरलं की फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची, म्हणजे माद्यांची, दीड मैलाची एक शर्यत लावू. साल सतराशे एकोणऐंशी. पहिल्या वर्षी जिंकली यजमानाचीच घोडी, ब्रिजेट. दुसऱ्या वर्षी त्याच मंडळींनी डर्बी काढली. तिला कोणाचं नाव द्यायचं यासाठी नाणं उडवलं म्हणतात. काका म्हणायचे, "खरं खोटं देव जाणे. नाणं उडवलेलं कोणी बघितलं नाही. पण धाकटी आली आणि थोरलीला लोक विसरले. घरोघरी हेच."

पुढे इंग्रज जिथे जिथे गेले, तिथे ही शर्यत नावासकट घेऊन गेले. आपल्याकडे नेली, इथे आणली. मेलबर्नला वसंतात होते, बायका टोप्या घालून जातात. दुसऱ्या दिवशी काका पेपर उघडायचे आणि वैतागायचे. "सतरा टोप्यांचे फोटो आहेत. घोडीचा एक नाही."

आणि एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. ही शर्यत घोडीला आयुष्यात एकदाच धावता येते. तीन वर्षांची असताना. त्या दिवशी पाय मुरगळला, पोट बिघडलं, संपलं. पुढच्या वर्षी ती मोठी झालेली असते. "दुसरी संधी नाही, कॉन्व्हेंट. म्हणून त्या दिवशी अंगात कोट बरोबर पाहिजे."

हे वाक्य लक्षात ठेवा, मंडळी. मी ठेवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी काकांचे डोळे जायला लागले. आधी मधलं दिसेना, मग रंग कळेनात. निळा की हिरवा, विचारायला लागले. ज्या माणसाने हयातभर रंग शिवले, त्याने मला विचारावं, हा लाल आहे का? मी आत जाऊन चहा टाकायची, म्हणजे माझं तोंड त्यांना दिसू नये. दिसत नव्हतंच खरं तर.

तेव्हा ठरलं की मी त्यांचे डोळे व्हायचं. आठवड्यातून तीन दुपारी, इथल्या भाषेत बोलायचं तर तीन आर्वो. ईशा तिच्या युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, लायब्ररीतून जुनी पुस्तकं मागवायची. मी वाचायची. काका ऐकायचे आणि सांगायचे, "कोट पिवळा, टोपी काळी, बाह्यांना काही नाही." मी रंगवायची. मग ते कार्ड हातात घेऊन त्यावर अंगठा फिरवायचे. अगदी हळू, कापडाचा पोत बघतात तसा. मला वाटायचं, सवय असेल.

ईशा एकदा म्हणाली, "आजोबा, इट्स अ हॉर्स रेस, नॉट युवर बोर्ड एक्झाम." काका म्हणाले, "बेटा, बोर्डात पस्तीस टक्क्यांना पास करतात. इथे नाही."

खोक्यात मागच्या बाजूला काही कार्डं कोरी होती. वर्ष होतं, घोडीचं नाव होतं, कोटाची आणि टोपीची नुसती रेघ होती. आत रंग नाही. बहुतेक अगदी सुरुवातीच्या वर्षांची. मला वाटलं, ही राहिली. डोळे गेले म्हणून काकांकडून राहून गेली. बिचारे सांगत नाहीत.

मंडळी, मी अशा शाळेत वाढले जिथे वहीत अर्धं पान कोरं राहिलं तर छडी मिळायची. सिस्टर म्हणायच्या, कोरं पान म्हणजे आळशी मुलगी. चित्रकलेच्या तासाला आकाश रंगवायचं राहिलं तर चित्र परत. मी अजूनही फॉर्म भरताना एखादा रकाना रिकामा ठेवू शकत नाही. काही नसलं तर रेघ मारते. हा माझा स्वभाव मी गुण समजत आले.

गेल्या वर्षी काकांचा एक्क्याऐंशीवा वाढदिवस आला. मी ठरवलं, त्यांना भेट द्यायची. ती कोरी कार्डं मी पिशवीत घालून घरी नेली. त्यांना न विचारता. आणि एक आठवडा बसून रंगवली.

कशावरून रंगवली? अंदाजाने. पहिलं ब्रिजेटचं कार्ड. त्या लॉर्डाच्या घराण्याचा काळा कोट आणि पांढरी टोपी असं मी एका पुस्तकात वाचलं होतं, म्हणून तेच दिलं. तो पोशाख त्या घराण्याने काही वर्षांनंतर घेतला असंही त्याच पुस्तकात होतं. पुढच्या पानावर. पुढचं पान मी वाचलं नव्हतं. एका वर्षी जिंकलेल्या घोडीचं नावच यलो फिली आहे. पिवळी घोडी. मी काय केलं असेल? कोट पिवळा रंगवला. घोडी पिवळी म्हणून तिच्यावर बसलेल्या माणसाचा कोट पिवळा. आज सांगताना मला हसू येतं आणि लाजही वाटते. बाकीची अशीच. एक तर आमच्या शाळेच्या चॅपलच्या खिडकीतल्या काचेचा रंग आवडला म्हणून तसा दिला.

सगळी कार्डं वर्षांप्रमाणे जागच्या जागी लावली, आणि वाढदिवसाला खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, काका, बघा तरी.

ते बराच वेळ कार्डं चाचपत होते. अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, "पुष्कळ मेहनत घेतलीत तुम्ही." एवढंच. मला वाटलं, भरून आलं त्यांना.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांच्या वेळची. मुंबईच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांची घोडी पुण्याला धावणार होती. कोट शिवायला पत्र आलं, निळा शिवा म्हणून, आणि सोबत कापडाचा नमुना होता तो वाटेत पडला. निळा म्हणजे कुठला निळा? वडिलांनी अंदाज केला. गडद शिवून दिला. बाईंचा होता फिकट, आकाशी. शर्यत सुटली. बाई दुर्बीण लावून आकाशी कोट शोधतायत. सापडेना. त्या रडकुंडीला आल्या, माझी घोडी कुठे गेली, पडली की काय. आणि लोक त्यांचे हात धरून अभिनंदन करतायत. घोडी जिंकली होती. मालकिणीने ती जिंकताना बघितलीच नाही.

काका म्हणाले, "वडिलांनी त्या रात्री जेवण केलं नाही. म्हणाले, नमुना हरवला होता तर पांढरा कोट पाठवायचा होता. पांढरा बघून बाईंनी विचारलं तरी असतं. पांढरं दिसलं की माणूस विचारतो, कॉन्व्हेंट. रंग दिसला की कोणी विचारत नाही."

आणि ते थांबले. माझ्याकडे तोंड करून थांबले.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "काय बाई नशीब एकेकाचं. काका, चहात आलं घालू का?"

ते म्हणाले, "घाला."

दोन आठवड्यांपूर्वी ते वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाले. मी भेटायला गेले. माझा हात हातात घेतला आणि त्यांनी विचारलं, "पांढरी किती राहिली, कॉन्व्हेंट?"

मी अभिमानाने सांगितलं, "एकही नाही, काका. सगळी भरली."

"सगळी भरली," ते म्हणाले. मग माझा हात थोपटत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "उद्या खोकं घेऊन याल?"

म्हटलं, आणते.

"कार पार्कची वेळ बघा. उशीर होईल तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. गुडघा दुखत होता, आणि तिथे गाडी लावायची म्हणजे चार मजले फिरायचं. म्हटलं, उद्या जाऊ. त्या उद्याच्या सकाळीच मेधाचा फोन आला, काका गेले म्हणून.

मेधाने नंतर मला काकांची वही दिली, आज बोलायला उपयोग होईल म्हणून. चार दिवसांपूर्वी मी ती पहिल्यांदा उघडली. पहिल्या पानावर, डोळे चांगले असतानाच्या अक्षरात, काकांनी कामाचे नियम लिहिले आहेत. पहिलाच नियम: ज्या वर्षाचा रंग खात्रीने माहीत नाही, तो कोट पांढरा ठेवावा. अंदाज करू नये.

ती कार्डं राहिलेली नव्हती, मंडळी. ती पुरी झालेली होती. ते पांढरे कोट त्यांनी ठेवले होते. त्यांचं तेवढंच काम मला कोरं दिसलं.

तेव्हापासून माझी झोप गेली आहे. पण खरी भीती पुढेच आहे. मी खोकं मागून घेतलं, म्हटलं निदान आपण रंगवलेली वेगळी काढू. आणि मला ती काढता येईनात. काकांनी सांगून मी रंगवलेली कार्डं खरी आहेत. मी मनाने रंगवलेली खोटी आहेत. हात एकच, रंगीत पेन्सिली त्याच. दिसायला दोन्ही सारखी. अकरा मला नक्की आठवली. अकराच होती का? काका डुलकी काढत असताना त्यांच्या टेबलावर बसूनसुद्धा मी एखादं भरलं होतं, असं अंधुक आठवतंय. किती? दोन? पाच? चार दिवस मी ती कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडते आहे आणि उचलते आहे. माझ्या मुलीने फोनवर सांगितलं, "मम्मा, नोबडी विल एव्हर नो." तीच तर माझी भीती आहे. कोणालाच कळणार नाही. रंग दिसला की कोणी विचारत नाही.

आता इथे एक सांगायचं राहिलं. काकांची कात्री. मेधा, तुला आठवत असेल. डोळे गेल्यावर तू त्यांची शिंप्याची कात्री लपवून ठेवली होतीस. गेल्या वर्षी, वाढदिवसानंतर, त्यांनी हट्ट करून ती परत मागून घेतली. तू विचारलंस, "बाबा, कशाला?" ते म्हणाले, "नखं काढायची आहेत." आपण किती हसलो होतो. दहा इंची कात्रीने नखं.

आज सकाळी मी ठरवलं होतं की अकरा काढायची आणि बाकीची देवावर सोडायची. उजेड होता, खिडकीशी बसले होते. कार्डं एकत्र करून, पत्त्यांसारखी टेबलावर ठोकून सारखी करत होते. आणि माझ्या बोटाला काहीतरी लागलं. एका कार्डाच्या खालच्या कडेला बारीक खाच होती. कापलेली. तांदळाच्या दाण्याएवढी.

तुमच्यात कोणी शिवणकाम केलं असेल तर त्याला हे माहीत असेल. शिंपी कापड बेतताना कडेला अशी खाच मारतो. बघणाऱ्याला दिसत नाही. ती शिवणाऱ्या हाताला सांगते, इथे लक्ष दे.

ते कार्ड यलो फिलीचं होतं.

मी एकेक कार्ड काढलं. ब्रिजेटला खाच. चॅपलच्या खिडकीच्या रंगाला खाच. मला आठवलेल्या अकराही कार्डांना खाच होती. आणि आणखी तीन. ती तीन मी विसरले होते. ते विसरले नव्हते. एकूण चौदा.

म्हणजे वाढदिवसाच्या दिवशीच त्यांना कळलं होतं. कोऱ्या कार्डावर अंगठा खरखरीत फिरतो, रंगवलेल्यावर घसरतो. आणि कार्डं वर्षांप्रमाणे लावलेली होती; त्यात पांढरी वर्षं कोणती, ती त्यांना पाठ होती. सगळं कळून ते म्हणाले होते, पुष्कळ मेहनत घेतलीत. मग गोष्ट सांगितली आणि थांबले. मग हॉस्पिटलमध्ये विचारलं, पांढरी किती राहिली. मी तिन्ही वेळा त्याबद्दल काही बोलले नाही. कारण मला बोलण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं असेल का, की ही बाई कबूल करत नाहीये? की त्यांना माझा स्वभाव कळला होता? खोकं मागवलं ते मला दाखवायला का? हे मला आता कधीच कळणार नाही. ते मी अंदाजाने भरणार नाही. एवढं तरी शिकले आहे.

मेधा, मी आज सकाळी त्याच मापाचा पुठ्ठा आणून चौदा नवी कार्डं कापली आहेत. पेन्सिल रबराने नीट जात नाही, खालचा रंग दिसत राहतो. काका म्हणायचे, चुकीची शिवण उसवायची असते, तिच्यावर दुसरी घालायची नसते. म्हणून जुनी चौदा मी बाजूला काढली आहेत. ती या माझ्या पर्समध्ये आहेत. नव्यांवर मी फक्त वर्ष आणि घोडीचं नाव लिहिलं आहे, कोटाची रेघ काढली आहे, आणि काकांच्या वहीतल्या त्यांच्या दोन ओळी जशाच्या तशा उतरवल्या आहेत. कोट पांढरे आहेत. टोप्या पांढऱ्या आहेत. उद्या लायब्ररीच्या बाईंना वहीचं ते पहिलं पानही द्यावं, म्हणजे त्यांना कळेल हे राहिलेलं नाही. कधीतरी एपसमच्या बाजूचं कोणी ते बघेल आणि विचारेल, हे पांढरं का? त्याच्या घरात एखादं जुनं पत्र असेल. तो रंग तो भरेल.

पण खोकं तुझं आहे. तू हो म्हणालीस तरच मी ती आत ठेवीन. तुला राग आला असेल तर तोही मला मान्य आहे.

मेधा मान हलवते आहे. हो म्हणते आहे.

थँक यू, बाळ. ईशा, जरा ते झाकण काढतेस? ही पहिली, ब्रिजेट, अगदी पुढे. बाकीची मागे तू वर्षं बघून लाव. सावकाश. अंगठ्याने चाचप प्रत्येक. हं. खरखरीत लागतं ना?

मंडळी, आता आपण उभे राहू आणि काकांसाठी दोन मिनिटं शांत राहू. मला अशा वेळी मनात काहीतरी म्हणायची सवय आहे. शाळेतली प्रार्थना, नाहीतर रामरक्षा. शांतता रिकामी ठेवायची मला भीती वाटते. आज मी काही म्हणणार नाही. काकांच्या मनात माझ्याबद्दल शेवटी काय होतं, ते मला माहीत नाही. तेवढी जागा मी पांढरी ठेवणार आहे.

काका, तुमच्या कॉन्व्हेंटचा नमस्कार. पांढरी चौदा राहिली.